फळ्यावरून फाळापर्यंत

प्रतिनिधी, मानपाडा

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या कुशीत. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या शेजारी. दोन्हीकडे आता उंच इमारतींची दाटी झाली आहे आणि दोन्हीकडची सकाळ एकाच आवाजाने सुरू होते. तळमजल्यावरच्या खोलीतला पंप घरघरू लागतो आणि जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढू लागते. त्या आवाजाकडे कोणाचेही लक्ष नसते. लक्ष जाते ते पंप बंद पडल्यावर!

याच इमारतींमधल्या घराघरांत जून महिन्यात नवी पुस्तके येतात. आठवीच्या मुलांसमोर बल आणि दाब हे शब्द येतात, नववीच्या मुलांसमोर कार्य आणि ऊर्जा. व्याख्या पाठ होतात, सूत्रे लिहिली जातात, उदाहरणे सोडवली जातात. मात्र ही सूत्रे कोणाच्या मानेवरचे ओझे उतरवण्यासाठी वापरली गेली, हे सहसा सांगितले जात नाही. मराठी मुलखापुरते बोलायचे तर त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्या माणसाचा जन्मही जूनमधलाच. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे ते नाव.

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने चार बुके शिकून नोकरीला लागावे, ही त्या काळच्या कोणत्याही घरातली अपेक्षा या घरातही होती. मुलाचे मन मात्र शाळेत रमेना. त्याला ओढ होती दोनच गोष्टींची, चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांतच एक कटू सत्य समोर आले. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. ज्याच्यासाठी घरच्यांचा रोष पत्करला, ती वाटच बंद झाली. दुसरा एखादा तरुण अशा वेळी गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी हिशेब वेगळा मांडला. यंत्रांच्या रेखाटनाला रंग लागत नाहीत. तिथे लागते ती रेघ, माप आणि प्रमाण. त्यांनी तेच शिक्षण पुढे चालू ठेवले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक आरेखनाचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले.

फळ्यावर यंत्राचा छेद काढून दाखवणाऱ्या या मास्तरांनी स्वतःचे शिक्षण मात्र संस्थेच्या कार्यशाळेत केले. वर्ग सुटल्यावर ते तिथली यंत्रे न्याहाळत, खोलून पाहत, पुन्हा जोडत. वाफेच्या इंजिनात दट्ट्या कशाने सरकतो, पट्टा चाकावरून का निसटतो, दात्यांची संख्या बदलली की वेग का बदलतो, हे त्यांनी हाताने जाणून घेतले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

याच काळात बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान सुरू झाले. सायकल तेव्हा आपल्याकडे नवलाची वस्तू होती. १८८८ हे साल किर्लोस्कर उद्योगाच्या आरंभाचे मानले जाते, ते या दुकानामुळे. पुढे नोकरीत हक्काची बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि पूर्ण वेळ बेळगाव गाठले. पगाराची नोकरी सोडून भावाबरोबर दुकान चालवणे हे त्या काळी शहाणपणाचे लक्षण मानले जात नव्हते.

कडब्याच्या काडीतले पदार्थविज्ञान

सायकलीच्या धंद्यात लक्ष्मणरावांचे मन फार काळ गुंतले नाही. बेळगावच्या आसपास त्यांना दिसत होता तो शेतकरी आणि त्याची बैलजोडी. ज्वारीचा कडबा जनावरांपुढे अख्खा टाकला तर बराचसा वाया जातो. बारीक कापून घातला तर उरत नाही. पण विळ्याने किंवा कोयत्याने कडबा कापत बसायचे म्हणजे हात भरून येतात. यातून लक्ष्मणरावांचे कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले.

या यंत्राची रचना आजही आठवीच्या विद्यार्थ्याला समजावी इतकी सोपी आहे. एक मोठे, जड चाक. त्याला बसवलेली धारदार पाती. आणि चाक फिरवण्यासाठी आसापासून दूर लावलेली मूठ. मूठ आसापासून जितकी दूर तितके चाक फिरवायला बळ कमी लागते. एकदा फिरू लागलेले जड चाक सहजासहजी थांबत नाही. फिरण्यात साठलेली त्याची गतिज ऊर्जा पाते कडब्यात शिरते त्या क्षणी उपयोगी पडते. पात्याची धार अरुंद असल्याने हाताचे मोजकेच बल अगदी लहान क्षेत्रफळावर एकवटते आणि दाब वाढतो. बल, दाब आणि ऊर्जा हे तिन्ही धडे एका चाकात!

सरळ हिशेबाने पाहिले तर यंत्र मेहनत नाहीशी करत नाही. कडबा कापायला जेवढे कार्य लागते तेवढे करावेच लागते. थोडे घर्षणातही जाते. यंत्र एवढेच करते की ते कार्य माणसाच्या शरीराला झेपेल अशा रीतीने वाटून देते. पुढची पन्नास वर्षे लक्ष्मणरावांनी जे केले त्याचे सार यातच आहे.

नांगर आणि नकार

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. देशी नांगराला टोकाशी लोखंडी फाळ असे, पण त्याचे अंग लाकडाचे. असा नांगर माती दोन्ही बाजूंना सारतो आणि दोन तासांच्या मधे न नांगरलेली पट्टी सोडतो. म्हणून शेत एकदा उभे आणि एकदा आडवे नांगरावे लागते. लोखंडी नांगराची गोष्ट वेगळी. त्याचा फाळ मातीचा थर तळातून कापतो आणि मागचे वळणदार पाते तो थर उचलून एका बाजूला पालथा करते. हराळी आणि कुंद्यासारख्या तणांची खोल गेलेली मुळे वर येतात, उन्हात वाळतात. गुळगुळीत लोखंडावरून माती सरकताना घर्षणही कमी होते.

यातला फायदा आकड्यांत पाहावा. तासाची रुंदी २० सेंटिमीटर धरली तर एक एकर नांगरण्यासाठी बैलांना सुमारे २० किलोमीटर चालावे लागते. मानपाड्याहून निघून जवळजवळ मुलुंडपर्यंत जाऊन परत यावे, एवढी ही चाल, आणि तीही मानेवर जू घेऊन, मातीच्या विरोधाशी झगडत. जोडी ८०० न्यूटन बलाने ओढते असे मानले तर एका एकरात सुमारे १ कोटी ६० लाख ज्यूल कार्य होते. आजच्या वीजबिलाच्या भाषेत हे साधारण साडेचार युनिट. आपल्या घरात एका दिवसात सहज खर्च होणारी ही ऊर्जा तेव्हा दोन मुक्या जनावरांच्या खांद्यांतून यायची, आणि त्यांच्यामागे तेवढेच अंतर नांगऱ्या अनवाणी चालायचा. शेत दुबार नांगरावे लागले तर ही चाल दुप्पट. शेतकऱ्याच्या दृष्टीने सूत्रातले विस्थापन म्हणजे हीच पायपीट होय.

हिशेब स्पष्ट होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाचे सबंध अंग जमिनीत घातले तर जमिनीला विष बाधेल, पीक करपेल, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पक्की होती. पहिला नांगर विकला जायला लक्ष्मणरावांना सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगर तयार होऊन कारखान्यात पडून, कारागिरांचे पगार द्यायचे आणि विक्रीची रक्कम शून्य, असा तो काळ. त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून, त्याने नव्या वस्तूवर पटकन विश्वास ठेवावा तरी का? नांगर फसला तर कारखानदाराचा एक नांगर वाया जाणार होता. शेतकऱ्याचे वर्ष वाया जाणार होते. लक्ष्मणरावांनी हे ओळखले. समजूत वादाने जात नाही, नांगरलेल्या रानाने जाते, हे धोरण ठेवून ते टिकून राहिले. शिवाय अडचण केवळ समजुतीची नव्हती. फाळ मऊ राहिला तर खडकाळ रानात झिजतो, अति कठीण केला तर तुटतो. मोडलेला भाग जवळपास मिळाला नाही तर शेतकऱ्याचा नांगर बांधावर पडून राहतो. उपयोगी यंत्र म्हणजे दुरुस्त होणारे यंत्र, हा धडा मास्तरांना शेतकऱ्यांकडून मिळाला.

निवडुंगाच्या माळावर

धंद्याला जरा बाळसे येत असतानाच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती हवी होती. वय चाळिशीच्या पुढे गेलेले, पदरी कामगार, समोर यंत्रांचा पसारा, आणि जायचे कुठे हा प्रश्न. त्या वेळी धावून आले ते औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाला लक्ष्मणरावांच्या कामाची पारख होती. त्यांनी संस्थानातली जागा देऊ केली आणि कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन. ही जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा, पाण्याचे दुर्भिक्ष असलेला माळ. पण शेजारून रेल्वे जात होती. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर रूळ जवळ हवेत, हे त्यांनी पाहिले. १९१० मध्ये मूठभर कामगार आणि त्यांची कुटुंबे या माळावर राहायला आली. निवडुंग तोडून झोपड्या उभ्या राहिल्या, मग कारखाना, मग शाळा, मग रस्त्याच्या कडेची झाडे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या स्थानकाला आणि वसाहतीला किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

वाडीत माणसे निवडण्याची रीतही निराळी होती. प्रमाणपत्रापेक्षा हात काय करू शकतात हे पाहिले जाई. शाळा अर्धवट सोडलेल्यांनी इथे यंत्रे घडवली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रखवालीची जबाबदारी सोपवली गेली. शिवाशिवीला वसाहतीत थारा द्यायचा नाही, हा आग्रह लक्ष्मणरावांनी धरला. १९१० च्या दशकात, खेड्याच्या कुशीत, ही साधी गोष्ट नव्हती.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड मिळेनासे झाले. ओतशाळेची भट्टी पेटवायची पण तिच्यात घालायचे काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तेव्हा आपल्या संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. एकेकाळी दारूच्या स्फोटाची ऊर्जा गोळ्यात भरण्यासाठी ओतलेले लोखंड नांगराच्या रूपाने शेतात उतरले. परदेशी मालाची आवक थांबल्याने देशी नांगराला मागणीही वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी त्याच वर्षी निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रकातून पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी मराठी वाचकांना परिचित असे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे केले.

मोटेकडून पंपाकडे

नांगराने जमीन उलटली, पण पाण्याचा प्रश्न राहिलाच. विहिरीचे पाणी काढण्याचे साधन म्हणजे मोट. बैल धावेवरून उतरत जातात, चामड्याची मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडते, बैल पुन्हा मागे सरतात. दहा मीटर खोल विहिरीतून दीडशे लिटरची एक मोट वर आणणे म्हणजे सुमारे १४ हजार ७०० ज्यूल कार्य. अशा शंभर मोटा उपसल्या तरी हिशेब अर्ध्या युनिटापर्यंत पोचत नाही. बैलांचा आणि माणसाचा मात्र दिवस जातो.

किर्लोस्करवाडीत १९२० च्या दशकात सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. पंपाच्या पोटात पाकळ्यांचे चक्र वेगाने फिरते, पाणी मध्यातून बाहेर फेकले जाते, आणि मध्याशी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतोच. तो पाण्याला नळातून वर ढकलतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे ढकलण्याचे काम हवा करते. म्हणूनच या ओढीला मर्यादा आहे. हवेचा दाब साधारण १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. त्याहून खाली पाणी असेल तर वर बसवलेला पंप कितीही मोठा असो, पाणी येणार नाही. प्रत्यक्षात तर सात-आठ मीटरच्या पलीकडे अडचण सुरू होते. पाणी खोल गेले की विहिरीत उतरून पंप खाली बसवण्याची शेतकऱ्याची खटपट असते, ती यामुळेच.

वर ढकलण्याला मात्र ही मर्यादा नाही. तिथे हवी फक्त ऊर्जा. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले आणि वाडीतल्या कामाला शास्त्रीय मापनाची जोड मिळाली. पदवी नसलेल्या वडिलांनी उभारलेल्या कारखान्यात पदवीधर मुलगा काम करू लागला. पंप फिरवण्यासाठी लागणारी तेलावरची इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली, तेव्हा लक्ष्मणराव ७७ वर्षांचे होते.

राखेतून पुन्हा

आयुष्याच्या संध्याकाळी त्यांना आणखी एक घाव सोसावा लागला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. ज्या माळावरचा निवडुंग तोडून वसाहत उभी केली, त्याच माळावर यंत्रे, लाकडी साचे आणि इमारती जळाल्या. ओतशाळेसाठी साचे म्हणजे वर्षानुवर्षांच्या कारागिरीचा ठेवा. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने हे पाहिले. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पंप बनवू लागला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

लक्ष्मणरावांनी भौतिकशास्त्राचा कोणताही नवा नियम शोधला नाही. बल, दाब, कार्य आणि ऊर्जा यांचे नियम न्यूटन, पास्कल आणि ज्यूल यांच्यापासून पुस्तकात होतेच. पण पुस्तकातला नियम आणि शेतकऱ्याचे रान यांच्यामध्ये मोठे अंतर होते. ते कापायला रंगांधळा चित्रकार, बढती नाकारलेला मास्तर, जागा गमावलेला कारखानदार अशी अनेक वळणे घ्यावी लागली. दोन वर्षे न विकलेला नांगर सांभाळत बसणे हे कोणत्याही सूत्रात नसते. तरी त्यावाचून सूत्र शेतात उतरत नाही.

आता पुन्हा मानपाड्याच्या पंपाकडे येऊ. ४० मीटर उंच गच्चीवर १० हजार लिटर पाणी चढवायचे तर सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे जेमतेम १.१ युनिट इतके कार्य करावे लागते. घर्षण आणि मोटरमधला ऱ्हास धरला तर वीज याच्या दुपटीच्या आसपास खर्च होते. हेच पाणी २० लिटरच्या हंड्यांतून न्यायचे ठरवले तर जिन्याच्या ५०० खेपा होतील. एकेकाळी आपल्या घराघरांतल्या बायकांनी हे कार्य कमरेवर आणि डोक्यावर पेलले आहे, आणि राज्याच्या कित्येक गावांत त्या आजही पेलतात.

नववीतल्या मुलाला घरी कोणी कार्याची व्याख्या विचारली तर ती त्याने जरूर पाठ म्हणून दाखवावी. मग त्याला एकदा खाली पंपाच्या खोलीत न्यावे, नळीवर हात ठेवून पाण्याचा धक्का जाणवू द्यावा, आणि हे पाणी वर नेण्यासाठी पूर्वी काय करावे लागे ते सांगावे. लक्ष्मणराव वर्गात असते तर त्यांनी बहुधा फळ्याआधी हेच दाखवले असते.